मरळ आपली, मांगूर परका

कल्याण, भिवंडी, मुरबाडकडच्या माणसाला मरळ काय ते सांगायला नको. पाणी आटून चिखल उरला तरी ती तग धरते, कारण तोंड वर काढून हवा घेण्याची सोय तिच्या डोक्यातच आहे. तिच्या कुळातल्या माशांचे ४ कोटी वर्षांहून जुने अवशेष आजच्या पाकिस्तानात सापडले आहेत. मरळ शिकारी खरी; पण इथली बारीक मासळी तिच्यासोबतच घडली, तिला चुकवायला शिकली.

आफ्रिकन मांगुराचे तसे नाही. तो आपल्या गावठी मांगुराचा भाऊबंद, पण या पाण्याला परका. तोही हवा घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटतो आणि मिळेल ते गिळतो. २००० साली देशात त्याच्यावर बंदी आली. तरी पुढेही ठाणे जिल्ह्यात चोरून पाळलेला मांगूर नष्ट करावा लागला.

‘आमचे तळे बंदिस्त आहे’ असे ठेकेदार सांगतो. २६ जुलै २००५ चा उल्हासचा पूर पाहिलेल्याने त्यावर विश्वास ठेवावा काय? बांध फुटला की मांगूर शेतात, शेतातून नदीत. मग वलगणीला काय धरणार?

सरपंचांनी तळ्याचा ठेका देताना बीज कोणते सोडणार, ते लिहून घ्यावे आणि सोडण्याआधी तपासावे. एकदा नदीत गेलेला मांगूर कोणताही ठराव करून परत आणता येत नाही.