तुझ्यापर्यंत पोचो

'मांगा' म्हणजे जपानी चित्रकथा, हे आज कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना सांगण्याची गरज नाही. प्राध्यापकवर्गासाठी मात्र सांगितलेले बरे. या पुस्तकांविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक वडीलधाऱ्यांचे : चित्रे बघायचे वय संपले, आता काही वाचा. दुसरे खुद्द वाचणाऱ्यांचे : हे सगळे करमणुकीसाठी, त्यात डोके कशाला घालायचे? ही मते वरवर एकमेकांच्या विरुद्ध असली, तरी या पुस्तकांबद्दल गंभीरपणे बोलण्यासारखे काही नाही, यावर दोन्ही पक्षांचे एकमत आहे. मला ते मान्य नाही. म्हणूनच 'किमि नि तोदोके' या तीस खंडांच्या मालिकेविषयी चार शब्द लिहीत आहे. ही मालिका मला मनापासून आवडली. मधल्या काही खंडांत तिने माझा अंतही पाहिला. दोन्ही सांगतो.

कारुहो शीइना या लेखिकेने ही कथा लिहिली आणि चित्रेही तिनेच काढली. शूएइशा या प्रकाशनसंस्थेच्या 'बेस्सात्सु मार्गारेट' या मुलींसाठीच्या मासिकात 2005 साली ती प्रथम एका सुट्या कथेच्या रूपाने आली, पुढे तिची मालिका झाली आणि 2017 साली ती संपली. 2008 साली तिला मुलींसाठीच्या चित्रकथांचा कोदांशा पुरस्कार मिळाला. तो पुरस्कार कोदांशा ही शूएइशाची प्रतिस्पर्धी संस्था देते, ही गोष्ट आपल्याकडच्या पुरस्कारांच्या पार्श्वभूमीवर ध्यानात घेण्यासारखी आहे. माझ्या हाती आला तो इंग्रजी अनुवाद. त्यातही पाने जपानी पद्धतीने उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. पहिली वीसेक पाने जरा अडखळायला होते, मग सवय होते.

कथा एका शाळेतली आहे. सावाको कुरोनुमा ही लांब काळ्या केसांची, फिकट चेहऱ्याची, अबोल मुलगी. कोजी सुझुकी यांच्या 1991 सालच्या 'रिंगु' या भयकादंबरीत आणि तिच्यावरून 1998 साली निघालेल्या चित्रपटात सादाको नावाचे एक भूत आहे. दिसण्यातल्या साम्यावरून मुलांनी सावाकोला 'सादाको' हे नाव चिकटवले आहे. तिच्या डोळ्यांत तीन सेकंद पाहिले तर अरिष्ट येते, अशी शाळेत वदंता आहे. वास्तविक ही मुलगी रोज एक तरी सत्कृत्य करायचे असे व्रत घेतलेली, इतरांसाठी अभ्यासाची टिपणे काढणारी, शाळेतल्या फुलझाडांची निगा राखणारी. तिच्या नावातले 'सावा' हे अक्षर जपानीत 'प्रसन्न, टवटवीत' या अर्थाच्या शब्दाचे आहे. म्हणजे आईबापांनी नाव ठेवले प्रसन्नतेचे आणि वर्गाने ठेवले भुताचे. त्याच वर्गात शोता काझेहाया हा सर्वांचा लाडका मुलगा आहे. तो तिच्याशी इतरांशी बोलावे तसे साधेपणाने बोलतो आणि तेथून गोष्ट सुरू होते.

एवढे वाचून कोणी म्हणेल की पुढचे आम्हीच सांगतो : मुलगा मुलीला हात देतो, मुलगी खुलते, शेवट गोड. तसे असते तर मी लिहिलेच नसते. या मालिकेचे मर्म मला सापडले ते प्रेमप्रसंगात नव्हे. ते सापडले सुरुवातीच्या खंडांतल्या अफवेच्या प्रकरणात.

सावाकोला हळूहळू दोन मैत्रिणी मिळतात, आयाने यानो आणि चिझुरु योशिदा. वर्गात जागा बदलायचा दिवस येतो. तिच्या शेजारी बसायला मुले घाबरतात, तेव्हा काझेहाया आणि या मैत्रिणी आपणहून तिच्याभोवतीच्या जागा घेतात. आणि मग शाळेत कुजबुज सुरू होते. चिझुरु पूर्वी गुंड मुलींत होती, आयानेचे पुष्कळ पुरुषांशी संबंध आहेत, आणि हे सारे सावाकोच सांगत फिरते आहे! आपल्यामुळे मैत्रिणींची बदनामी होते असे समजून सावाको त्यांच्यापासून दूर राहू लागते. ती का टाळते हे मैत्रिणींना कळत नाही. कोणी वाईट नाही, कोणी कोणाचा द्वेष करत नाही, तरीही तीन माणसांमध्ये भिंत उभी राहते. कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या मनातले स्वतःच ठरवतो आहे.

हा पेच लेखिका सोडवते तो कोणा नायकाच्या हातून नव्हे. शाळेच्या स्वच्छतागृहात काही मुली त्या दोघींविषयी वाईटसाईट बोलत असतात. स्वतःविषयी कोणी काहीही बोलले तरी निमूट ऐकून घेणारी सावाको तेथे प्रथमच उभी राहते आणि ते शब्द मागे घ्या असे त्यांना बजावते. स्वतःसाठी नाही, मैत्रिणींसाठी. त्यानंतर तिघी समोरासमोर येतात आणि जे विचारायचे ते एकमेकींना विचारतात. काझेहायाने तिला धीर दिला हे खरे, पण मैत्री तिने स्वतः मिळवली. प्रेमकथा म्हणून विकल्या जाणाऱ्या पुस्तकात मैत्रीला आधी जागा मिळावी, आणि मैत्री म्हणजे विचारण्याचे धैर्य असे सांगितले जावे, हे मला फार मोलाचे वाटते.

अफवेमागे कुरुमी नावाची एक देखणी मुलगी आहे. तिचेही काझेहायावर प्रेम आहे. दुसरी एखादी लेखिका तिला खलनायिका करून, शिक्षा देऊन मोकळी झाली असती. येथे कुरुमीची तिच्या प्रेमासकट, तिच्या लबाडीसकट माणूस म्हणून दखल घेतली जाते. शेवटच्या खंडांत तर ती आणि सावाको शिक्षणशास्त्राच्या विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी एकत्र अभ्यास करतात. मुख्य मालिका संपल्यावर लेखिकेने कुरुमीलाच नायिका करून एक वेगळी छोटी मालिका लिहिली, यावरून तिचा या पात्रावरचा जीव दिसतो.

आता शीर्षकाविषयी. मला वाटते, येथे आपल्यासारख्या वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा थोडे जास्त मिळते. 'किमि' म्हणजे 'तू', 'नि' म्हणजे 'ला' किंवा 'पर्यंत', आणि 'तोदोके' हे 'पोचणे' या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप. पण ही आज्ञा समोरच्या माणसाला नाही. मनातल्या भावनेलाच सांगितले आहे की, जा, पोच. इंग्रजी आवृत्तीने जपानी नाव तसेच ठेवून त्याखाली 'माझ्याकडून तुला' अशा अर्थाची ओळ जोडली आहे. त्या ओळीत क्रियापदच नाही, त्यामुळे त्यातली तळमळ निसटते. मराठीत मात्र 'तुझ्यापर्यंत पोचो' असे सहज म्हणता येते. 'सुखी राहो', 'यश येवो' म्हणतो तसेच. मला ही पुस्तके आणून देणारी माझी मैत्रीण आपल्या अंकाच्या कन्नड विभागाचे काम पाहते. तिला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडेही आहे की! 'निनगे तलुपलि'." त्यांचा 'लि' आणि आमचा 'ओ' एकच काम करतात. जपानीतली एक आर्त इच्छा इंग्रजीतून येताना वाटेत सांडली आणि आमच्या दोन भाषांनी ती एकाच वेळी उचलून घेतली, याचा मला विलक्षण आनंद झाला.

हाक मारण्याच्या बाबतीतही असेच आहे. काझेहाया आणि सावाको एकमेकांच्या प्रेमात पडल्यावरही बराच काळ एकमेकांना आडनावानेच हाक मारतात. मैत्रिणींना 'यानो-सान', 'योशिदा-सान' म्हणणारी सावाको पुढे त्यांना 'आयाने-चान', 'चिझु-चान' म्हणू लागते, तेव्हा कोणीही न बोलता एक उंबरठा ओलांडलेला असतो. 'अहो'वरून 'अगं'वर, 'नीवु'वरून 'नीनु'वर येताना जीभ कशी क्षणभर अडते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही पाने समजावून द्यावी लागत नाहीत.

चित्रांविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण एक गोष्ट डोळ्यांत भरते. आपण 1967 साली सुरू झालेल्या 'अमर चित्रकथे'वर वाढलो. तेथे देव, राजे, वीर आणि संत होते. प्रत्येक चौकटीत काहीतरी घडत असे. या मालिकेत पानेच्या पाने काही घडत नाही. एक मुलगी दाराशी उभी आहे. तिने हात उचलला आहे. पुढच्या चौकटीत नुसते आकाश. सावाको मोकळी नसते तेव्हा तिचा चेहरा भुतासारखा काळवंडलेला काढला आहे आणि गंमतीच्या प्रसंगी ती सुपारीएवढी गोल बाहुली होते. वर्ग तिला कसे पाहतो आणि ती खरी कशी आहे, हे दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी दिसते. नुसत्या शब्दांनी हे साधणे कठीण. 'चित्रे बघायचे वय संपले' म्हणणाऱ्यांनी एवढे एक पान पाहावे, अशी माझी विनंती आहे.

हे झाले कौतुक. आता तक्रार. शाळेच्या तीन वर्षांसाठी तीस खंड, ही चैन आहे. दहाव्या खंडाच्या सुमारास दोघेही एकमेकांना मनातले सांगतात. सरळ हिशेबाने तेथे एक पर्व संपते. त्यानंतर लेखिकेपुढे मोठा प्रश्न होता : पोचल्यावर काय? याचे उत्तर शोधताना ती बरेच खंड चाचपडते. तेच दोघे पुन्हा एकमेकांच्या मनात नसलेले तर्क करू लागतात, पुन्हा दूर जातात, पुन्हा लाजतात. ज्या मुलीने विचारण्याचे धैर्य एकदा कमावले, ती पुन्हा पुन्हा ते हरवून बसते हे पटत नाही. मासिकातून दरमहा हप्ता द्यायचा, तर गोष्ट ताणली जाणारच, असे समर्थन कोणी करील. आपल्याकडच्या मासिकांतल्या क्रमशः कादंबऱ्यांनाही हा रोग होताच. पण कारण समजले म्हणून कंटाळा कमी होत नाही. शिवाय काझेहाया फार काळ निव्वळ चांगला राहतो. त्याचे वडिलांशी असलेले भांडण, त्याचा मत्सर, सावाकोला जपण्याच्या नावाखाली तिच्यापासून राखलेले अंतर हे सारे यायला उशीर होतो. ते येते तेव्हा तो प्रथमच माणसासारखा वाटतो.

मात्र ज्याने मधल्या खंडांत हे पुस्तक मिटून ठेवले, त्याने शेवटचे पाच-सहा खंड तरी वाचावेत. तेथे ही कथा पुन्हा उंची गाठते. शाळा संपत आली आहे. आयाने तोक्योला निघाली आहे. चिझुरु गावीच राहणार, आणि तिचा लहानपणापासूनचा सोबती र्यू बेसबॉल खेळण्यासाठी दूरच्या विद्यापीठात जाणार. सावाकोला आपण दुसऱ्याला चांगले समजावून सांगू शकतो हे कळले आहे आणि ती शिक्षिका व्हायचे ठरवते. या ठिकाणी प्रेम हा प्रश्न मागे पडून, प्रेम असूनही आपली वाट आपण निवडायची का, हा प्रश्न पुढे येतो. अंतिम वर्षाला असलेल्या आपल्यापैकी कितीजणांपुढे तो आज नाही? पुणे, बेंगळुरू की इथेच, हा हिशेब आपणही मांडतोच आहोत. जाणारा आणि राहणारा यांतला कोणीही लेखिकेच्या लेखी कमी नाही, ही तिची भूमिका मला मोठी वाटली.

शेवटी, हे सारे या अंकात कशासाठी? आपल्या वर्गातही टोपणनावे आहेत. काही प्रेमाची असतात, काही माणसाला आयुष्यभर पुरतात. आपल्याकडेही 'तो असा आहे म्हणे' या एका वाक्यावर माणसे निकालात निघतात. त्यातून आपण सीमेवरचे. मराठी मुले एका बाकांच्या रांगेत, कन्नड मुले दुसऱ्या, आणि मध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचे 'म्हणे'. आपल्या अंकाचे दोन विभाग एकाच शिलाईत बांधले जातात खरे, पण एका विभागाचा वाचक दुसऱ्या विभागाचे पान उलटतो का, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे. मोठमोठे प्रश्न एका चित्रमालिकेने सुटतील इतका मी भाबडा नाही. शेजारच्या बाकावर जाऊन बसणे आणि ऐकीव गोष्ट त्याच माणसाला सरळ विचारणे, एवढे मात्र कोणत्याही ठरावावाचून करता येण्याजोगे आहे. सावाकोच्या वर्गात चार जणांनी जागा बदलल्या, तेवढ्याने सारे बदलू लागले.

मालिकेचे खंड सध्या त्या मैत्रिणीकडे परत गेले आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी कन्नड विभागाच्या मेजापाशी जाऊन मागावेत. मागायचे मात्र तोंडाने, चिठ्ठी पाठवून नव्हे.