खडकही त्या घराचाच

मदन महालाला किल्ला म्हणणं मला कधी पटलं नाही. जबलपूरच्या टेकडीवर, ग्रॅनाइटच्या एका अवाढव्य शिळेवर बसवलेलं ते लहानसं दगडी घर आहे. गोंड राजा मदन शाहाच्या नावाचं. समोर पागा, जवळ छोटं तळं, आणि वर गेलं की अख्खं शहर नजरेच्या टप्प्यात. महालाखाली सोन्याच्या विटा पुरल्याची दंतकथा इथलं शेंबडं पोरही सांगतं. भिंत कशी रचली आहे, ते मात्र कुणी सांगत नाही.

मला ते काकांनी दाखवलं. मी चौथीत होते. जिन्याकडे धावणार तोच त्यांनी मला मागे ओढलं आणि शिळा संपून भिंत सुरू होते तिथं माझा तळवा टेकवला. "बघ, खालचा दगड तासलेला नाही." शिळेचा उतार आहे तसाच ठेवून, खाचाखोचांत दगड आणि चुना भरत, पाथरवटांनी भिंत वर आणली होती. पुढे मी बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं नोकरी केली. पाया म्हटलं की आजही तो सांधा हाताला जाणवतो.

22 मे 1997 च्या पहाटे 5.8 तीव्रतेचा भूकंप झाला. आमच्या घराचा निम्मा पाया खडकावर होता, निम्मा भरावावर. भेग बरोबर त्या जोडावरून छतापर्यंत गेली. महाल मात्र उभा राहिला. त्याच टेकडीवरची, खालच्या खडकावर तोलून राहिलेली 'बॅलन्सिंग रॉक' नावाची शिळाही जागची हलली नाही.

या शिळा कुणी आणून ठेवलेल्या नाहीत. ग्रॅनाइटच्या फटींत पाणी मुरतं, कडा आधी झिजतात, भुसभुशीत झालेली माती वाहून जाते आणि गोलसर गाभा मागे उरतो. म्हणजे महालाचा पाया एका शिळेपुरता नाही. आजूबाजूच्या शिळा, मधली माती, पाण्याच्या वाटा हे सगळं मिळून तो पाया आहे. आपला कायदा मात्र संरक्षित वास्तूपासून 100 मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रण, असा टेप लावून मोजतो. सपाटीवरच्या देवळाला हे माप चालत असेल, या टेकडीला ते अपुरं आहे. टेपच्या पलीकडे शिळा फोडून सपाट केलेली जागा आणि तिच्यावर उठलेलं घर पाहिलं की माझा जीव तुटतो. तिथं राहणारे बहुतेक गरीबच. त्यांना आधी धड पर्यायी घर द्यायला हवं, मगच जागा मोकळी करायला हवी.

तळ्यांचं आपण काय केलं ते डोळ्यांपुढे आहेच. हे बावन्न तळ्यांचं शहर. राणी दुर्गावतीच्या नावाचं राणीताल, तिच्या दासीचं चेरीताल; आज ती नावं वस्त्यांच्या पाट्यांवर आहेत, राणीतालात स्टेडियम आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. टेकडीची हद्द टेपनं नको, पाण्यानं ठरवा. जुलैतल्या एखाद्या मुसळधार दिवशी मोजणीदारांनी महालापाशी उभं राहावं आणि शिळांवरून उतरणाऱ्या ओहळांमागे थेट संग्राम सागर तळ्यापर्यंत चालत जावं. जिथून पाणी येतं आणि जिथं पोचतं, तेवढी सगळी जमीन नकाशावर एकाच रेषेत घ्यावी.