दर खोलीचा आणि दर माणसाचा

पळसदरीच्या स्टेशनावर शनिवारी सकाळी गाडी थांबली की तीतून दोन प्रकारची माणसे उतरतात. एक, मुंबईहून मौजेसाठी आलेली. दुसरी, त्यांच्या खोल्या झाडायला आणि ताटे वाढायला निघालेली. ह्या दुसऱ्या प्रकारात आपल्या महाविद्यालयातीलही पुष्कळजण असतात. गेल्या नाताळच्या सुट्टीत मीही होतो.

आमच्याच भागातील एका रिसॉर्टवर मी अकरा दिवस काम केले. स्वागतकक्षात खोल्यांचे दर लावलेले होते, भोजनगृहात पदार्थांचे होते, पोहण्याच्या तलावाशी नियमांची पाटी होती. माझा दर मात्र कोठेच लिहिलेला नव्हता. पहिल्या दिवशी रोजचे पाचशे रुपये तोंडी ठरले. शेवटी पाकिटात चारशेच्या हिशेबाने पैसे निघाले. विचारले तेव्हा ‘जेवणाचे कापले’ असे उत्तर मिळाले. कागद नव्हता, त्यामुळे वाद घालायला जागाही नव्हती.

पुढच्या सत्रात अर्थशास्त्राच्या सरांनी आम्हांला शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायला लावले. आमच्या घरात असा जाडजूड अहवाल उघडणारा मी पहिलाच. तो वाचून मी चकित झालो. पगार ही खाजगी बाब, चारचौघांत विचारू नये, असे आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला आपल्या प्रत्येक संचालकाचा मोबदला कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाच्या किती पट आहे, हे छापावे लागते. मध्यक म्हणजे सर्वांचे पगार चढत्या क्रमाने मांडले असता बरोबर मधला. शिवाय बाजारमूल्याने मोठ्या अशा एक हजार कंपन्यांवर ‘सेबी’ने 2022-23 पासून आणखी एक विवरण बंधनकारक केले आहे. किती जणांना आरोग्यविमा आहे, किती जणींना प्रसूतीचे लाभ मिळतात, भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी किती जणांना लागू आहे, किमान वेतनाएवढेच किती जणांना मिळते, हे सारे त्यात आकड्यांनी द्यावे लागते.

हा व्यवसाय आपल्यापासून दूर नाही. खालापूर तालुक्यात 2013 साली सुरू झालेल्या ‘इमॅजिका’ची कंपनी 2015 पासून शेअर बाजारात आहे. कॅसिनो मात्र महाराष्ट्रात नाहीत. त्यांच्यासाठी 1976 साली केलेला कायदा कधी अंमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. पण शेजारच्या गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे उभी आहेत. त्यांतील ‘डेल्टिन रॉयल’ चालवणारी डेल्टा कॉर्प हीदेखील नोंदलेली कंपनी आहे. म्हणजे जुगाराच्या टेबलाशी पत्ते वाटणाऱ्याच्या पगाराचाही हिशेब कोठेतरी छापला जातो!

परंतु मित्रहो, हा हिशेब कोणासाठी? भागधारकासाठी. तो इंग्रजीत असतो आणि ज्याच्याविषयी असतो त्याच्या हाती सहसा पडत नाही. दुसरे असे की, ठेकेदारामार्फत आलेला वाढपी किंवा झाडूवाला कंपनीच्या वेतनपटावर नसतो. तेव्हा मध्यक काढण्याच्या रांगेत तो उभाच राहत नाही. रांगेतून सर्वांत कमी पगाराची माणसे वगळली, तर मधला माणूस आपोआप वर सरकतो. आणि तिसरे, आपल्या तालुक्यातील बहुतेक रिसॉर्टे व फार्महाऊसे शेअर बाजारात नाहीतच. तेथे अहवालही नाही आणि मध्यकही नाही.

म्हणून मला मोठ्या अहवालापेक्षा एक साधी पाटी महत्त्वाची वाटते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ती पाटी सांगितलेलीच आहे. कामाच्या जागी, दर्शनी ठिकाणी, कोणत्या वर्गाच्या कामगाराला किती वेतन, ते कोणत्या दिवशी मिळणार आणि तक्रारीसाठी निरीक्षकाचे नाव व पत्ता काय, हे मालकाने लावावयाचे आहे. वेतनाची पावतीही द्यावयाची आहे.

काही मालक म्हणतील, आमचा धंदा पावसाळ्याचा आणि शनिवार-रविवारचा; मंगळवारी खोल्या ओस पडतात, मग पगार कायमचा लिहून कसा ठेवावा? त्यांची अडचण खोटी नाही. पण खोलीचा दरही शनिवारी वेगळा आणि मंगळवारी वेगळा असतो. तरी तो लिहिता येतो. मग माणसाचाच का येऊ नये?

पाट्या लागेपर्यंत आपण वाट पाहत बसावे असे मला वाटत नाही. माझी गुरुजनांना एक नम्र सूचना आहे. अर्थशास्त्र विभागात एक वही ठेवावी. सुट्टीत जो कोणी काम करील त्याने परत आल्यावर कामाचे स्वरूप, रोजचे तास, ठरलेले पैसे आणि हाती पडलेले पैसे तीत लिहावेत. आपले नाव लिहिण्याची गरज नाही. पुढच्या वर्षी कामाला निघालेल्या मुलामुलींना निदान चालू दर काय, हे कळेल आणि ‘लिहून द्या’ म्हणण्याचे धैर्य येईल.

पहिली नोंद मी करतो : वाढपी, अकरा दिवस, रोज बारा तास, ठरले 5,500 रुपये, मिळाले 4,400.

— द्वितीय वर्ष, कला