नील डॅनिहर यांचा दुसरा डाव

दीर्घ आजारात रुग्णाचे हातपाय आणि वाणी थकली, की घरातील मंडळी त्याच्या वतीने सारे ठरवू लागतात. हेतू मायेचाच असतो. तरीही रुग्णाचे मत विचारायचे राहून जाते. या संदर्भात ऑस्ट्रेलियाचे फुटबॉलपटू व प्रशिक्षक नील डॅनिहर यांचे आयुष्य मननीय आहे.

न्यू साउथ वेल्समधील अंगारी या लहानशा गावात ते वाढले. ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ हा फुटबॉल लंबगोल मैदानावर, प्रत्येकी 18 खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जातो. एसेंडन संघाकडून नील 82 सामने खेळले. गुडघ्याच्या दुखापतींनी त्यांची ऐन उमेदीची वर्षे हिरावली. 1990 मध्ये ते आणि त्यांचे तिघे भाऊ या संघाकडून एकाच सामन्यात उतरले. पुढे 1998 ते 2007 या काळात ते मेलबर्न संघाचे प्रशिक्षक होते.

2013 मध्ये त्यांना ‘मोटर न्यूरॉन डिसीज’ झाल्याचे निदान झाले. यात स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या चेतापेशी नष्ट होत जातात. हातपाय, वाणी, गिळणे आणि अखेरीस श्वसन दुबळे होते. स्पर्श, दृष्टी व श्रवण मात्र बहुधा शाबूत राहतात. हा आजार बरा करणारे औषध अद्याप नाही. तरीही 2014 मध्ये नील यांनी सहकाऱ्यांसह संशोधनासाठी ‘फाइट एमएनडी’ ही संस्था उभारली. वाणी गेल्यावर डोळ्यांच्या हालचालींवर चालणाऱ्या संगणकाद्वारे ते बोलत राहिले. 2025 मध्ये ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा सन्मान त्यांना लाभला.

आपल्या घरी काय करावे? पकड सैल होणे, पाऊल घसटणे, बोलणे अडखळणे, घास घेताना ठसका लागणे ही लक्षणे वाढत असतील, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका; मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. निदान झाल्यास वाणी शाबूत असतानाच ‘हो’ आणि ‘नाही’साठी डोळ्यांच्या खुणा ठरवा. पुढील उपचारांविषयी रुग्णाची इच्छा विचारून लिहून ठेवा. जेवताना त्याला ताठ बसवा, घास लहान द्या, घाई करू नका. आडवे झाल्यावर धाप लागत असेल किंवा सकाळी डोके दुखत असेल, तर डॉक्टरांना त्वरित कळवा. रात्री श्वसनयंत्राची मदत घेता येते. शुश्रूषेच्या पाळ्या वाटून घ्या. सारा भार एकट्यावर नको.

आणि रुग्णाच्या खाटेशी उभे राहून त्याच्याविषयी परस्पर बोलू नका. त्याच्याशी बोला, आणि त्याच्या उत्तरासाठी थांबा.