देवभरोसे

'देवभरोसे' हा शब्द आपण कसा वापरतो बघा. रस्ता देवभरोसे, एसटी देवभरोसे, शुक्रवारी संध्याकाळी घाईत केलेला रिलीज तर शंभर टक्के देवभरोसे. म्हणजे काय, तर कुणी काही करत नाहीये. देवावरच्या भरवशाला मराठीत असा निष्काळजीपणाचा वास कधीपासून यायला लागला, कोण जाणे.

काही वर्षांपूर्वी माझी मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली. वजन 1400 ग्रॅम. काचेपलीकडे ती, अलीकडे आम्ही. चंद्रपूरहून आई आली ती महाकालीला नवस बोलूनच, आणि बाहेरच्या खुर्चीवर जपमाळ घेऊन बसली. मी वैतागलो. म्हटलं, "आई, डॉक्टर करताहेत ना? याने काय होणारे?"

"तू मशिनीकडं पाय, मी मायकडं पायतो."

मॉनिटरवरचा आकडा घसरला की मी जागीच गोठायचो. ती मणी पुढे सरकवायची आणि मला जेवायला पिटाळायची. (ती स्वतः कुठे जाऊन रडायची, हे विचारायचं राहूनच गेलं.)

मुलगी घरी आल्यावर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं काम नीट वाचलं. गडचिरोली 1982 पर्यंत आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातच होतं, आणि मी वाचतोय पुण्यात बसून! असो. बाळाचा श्वास फार जलद चालला तर न्युमोनियाचा संशय घ्यायचा. पण ज्या सुईणींना फार पुढपर्यंत आकडे येत नाहीत, त्यांनी श्वास मोजायचे कसे? बंगांनी एक साधं साधन बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, तर औषध सुरू. मणी सरकवणाऱ्या बायका... इथे मी वाचता वाचता थांबलोच.

पुढे त्यांनी 39 गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, वेळ पडली तर इंजेक्शनसुद्धा. जंगलातल्या झोपडीत, दवाखान्यापासून लांब. कागदावर अशक्यच. तिथला नवजात मृत्युदर 1993-95 मध्ये हजारी 62 होता, तो 1997-98 मध्ये साधारण 25 वर आला. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि 2011 मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर घेतली.

पण मला जास्त भिडलं ते शोधग्रामच्या दवाखान्याचं नाव: माँ दंतेश्वरी. आदिवासी मोठ्या इस्पितळाला बिचकतात, म्हणून इथे रुग्ण आणि नातेवाईक एकत्र राहतील अशा झोपड्या बांधल्या आणि नाव त्यांच्या देवीचं दिलं. आधी देवी सोडा, मग उपचार करू, असं कुणी म्हटलं नाही.

देवीमुळे न्युमोनिया बरा होतो असं मी अजूनही मानत नाही. मूल घरी ठेवून नुसता अंगारा लावणाऱ्यांचा मला रागच येतो. पण रात्री तापलेलं बाळ उचलून जंगलातून चालत निघायला जे लागतं, ते औषधाच्या बाटलीत नसतं हो. उपचार पोचायच्या आधी ते बाईच्या अंगात असावं लागतं. आईकडे ते होतं. माझ्याकडे त्या दिवसांत फक्त मॉनिटर होता, आणि तो बंद पडला असता तर मी कोसळलो असतो, ती नाही. मग देवभरोसे नक्की कोण होतं?

नवस आईने त्याच वर्षी फेडला. सुट्टी नाही म्हणून मी गेलो नव्हतो. (होती खरं तर.) तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. या चैत्रात महाकालीच्या यात्रेला मुलीला घेऊन चंद्रपूरला जायचं ठरवलंय. तिकिटं वेटिंगवर आहेत, 41 आणि 42.

बघू.