ठेकेदाराने खर्च सोसला, म्हणून प्रश्न मिटत नाही

बिहारमध्ये भागलपूर जिल्ह्यातील सुलतानगंज आणि खगडिया जिल्ह्यातील अगुवानी यांना जोडणाऱ्या गंगेवरील पुलाची पायाभरणी २०१४ मध्ये झाली. लांबी ३.१६ किलोमीटर, अंदाजित खर्च सुमारे १,७१० कोटी रुपये. एप्रिल २०२२, जून २०२३ आणि ऑगस्ट २०२४ असे तीनदा या अपूर्ण पुलाचे भाग कोसळले. दुसऱ्या दुर्घटनेनंतर प्रकरण पाटणा उच्च न्यायालयात गेले आणि ठेकेदाराने स्वखर्चाने पुनर्बांधणी करावी, असे ठरले. तिजोरीवर भार नाही म्हणजे प्रश्न मिटला, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मला मान्य नाही.

केबल-स्टेड पुलात रस्त्याचा भार केबल मनोऱ्यावर नेतात. मनोऱ्याच्या दोन्ही अंगांना रस्त्याचे खंड समतोल राखत जोडत न्यावे लागतात. त्यामुळे पूर्ण झालेल्या पुलापेक्षा बांधकामाधीन पूल अधिक नाजूक असतो आणि आराखड्यातील दोषाला येथे क्षमा नसते. पहिल्या पडझडीनंतर तपासणी आयआयटी रुरकीकडे सोपवण्यात आली होती. आराखड्यात गंभीर दोष असल्याचे तत्कालीन उपमुख्यमंत्री तेजस्वी यादव यांनीच जून २०२३ मध्ये सांगितले. मग तो आराखडा तपासला कोणी आणि मंजूर कोणी केला?

प्रशासकीय सेवेत असताना अनेक प्रकल्पांच्या नस्त्या माझ्यासमोर आल्या. तांत्रिक मंजुरीवर सह्या अनेकांच्या असतात. दुर्घटनेनंतर मात्र खालच्या पायरीवरचा एखादा अभियंता निलंबित होतो आणि अहवाल कपाटात जातो.

लोकांनी मोजलेली किंमत तर कोणत्याच देयकात दिसत नाही. उत्तर बिहारमधील कावडिये सुलतानगंजच्या उत्तरवाहिनी गंगेचे पाणी घेऊन देवघरला जातात. त्यांना, तसेच रुग्णांना आणि शेतमाल नेणाऱ्यांना या काळात नावेचा किंवा भागलपूरच्या विक्रमशिला सेतूवरून वळशाचा आधार घ्यावा लागला. वाया गेलेली ही वर्षे ठेकेदार परत करू शकत नाही.

गंगेला दोष देण्यातही अर्थ नाही. याच नदीवर मोकाम्याजवळ १९५९ मध्ये खुला झालेला राजेंद्र सेतू अजून उभा आहे.

उपाय अवघड नाहीत. मोठ्या पुलांच्या आराखड्याची ठेकेदाराशी संबंध नसलेल्या संस्थेकडून बांधकामापूर्वीच तपासणी व्हावी आणि मंजुरी देणाऱ्याचे नाव नोंदीत राहावे. चौकशी अहवाल ठरावीक मुदतीत विधिमंडळासमोर ठेवणे बंधनकारक असावे. पुनर्बांधणीइतकीच विलंबाचीही भरपाई करारात असावी. एवढे झाल्याशिवाय नव्या पायाभरणीचा समारंभ कोणत्याही सरकारने करू नये.