‘अतिरिक्त कार्यभार’ देऊन पोरं सांभाळली जात नाहीत

पालीकरहो, बारावीचा निकाल लागला की आपण कॉलेज कसं बघतो? कोर्स कुठला, फी किती, एसटी वेळेवर आहे का. झालं. स्कॉलरशिपचा फॉर्म महाडीबीटीवर अडकला तर कुणाला भेटायचं, हॉस्टेलमध्ये त्रास झाला तर कुणाकडे जायचं, पोरगं गप्प गप्प राहायला लागलं तर ते कुणाच्या लक्षात येणार, हे कुणी विचारत नाही. कारण उत्तर ठरलेलं असतं: ‘कुणीतरी सर असतील.’

हे कुणीतरी सर म्हणजे भूगोलाचे नाहीतर मराठीचे. स्टाफ मीटिंगमध्ये त्यांच्या गळ्यात विद्यार्थी विकास पडलेला असतो. सोबत एनएसएस, रॅगिंगविरोधी समिती आणि नॅकची फाईल. बऱ्याच ठिकाणी तर ते तासिका तत्त्वावरचे, पुढच्या वर्षी असतील की नाही त्यांनाच माहीत नाही. अशा माणसावर काय राग काढणार? जीव तोडून करणारे सर मीही पाहिलेत. पण चांगुलपणावर खातं चालवायचं नसतं. उद्या गणिताचा तास शिपायाला देऊन ‘मनापासून शिकवतो हो’ म्हटलं तर चालेल का?

हे काम शिकायला लागतं. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात १९१४ च्या सुमारास, म्हणजे बाबासाहेब त्याच विद्यापीठात शिकत होते तेव्हा, कॉलेजमधल्या मुलींच्या सल्लागारांसाठी पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं. आज तिथे ‘स्टुडंट अफेअर्स’मध्ये दोन वर्षांची मास्टर्स होते. अठरा ते बावीस या वयात मन कसं बदलतं, समुपदेशन कसं करायचं, हॉस्टेल कसं चालवायचं, तक्रार आली की कायदा काय सांगतो, घरातलं पहिलंच शिकणारं पोर कुठे अडखळतं, हे सगळं त्यात येतं. आपल्या पोरांना असं करिअर असतं हे ठाऊकही नाही.

‘ही परदेशी थेरं’ म्हणणाऱ्यांनी जरा कोल्हापूर-साताऱ्याकडे बघावं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये बोर्डिंग काढलं. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यासाठी दागिने मोडले. वर्गाबाहेरचं पोर सांभाळल्याशिवाय वर्गातलं टिकत नाही, हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. त्याचं शास्त्र आणि नोकरी मात्र आपण केली नाही. समाजकार्याचं शिक्षण मुंबईत १९३६ पासून आहे, त्याला लागूनच हे उभं राहू शकलं असतं.

आता तर टाळताही येणार नाही. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. छान. पण परळी-जांभुळपाड्याची पोरं जिथे शिकतात तिथे हा माणूस येणार कुठून? मुंबईतून आठवड्याला एकदा येऊन सही करून जाणारा? आदिवासी वाडीवरून आलेली मुलगी त्याच्याशी पहिल्या भेटीत बोलेल, असं वाटतं कुणाला?

म्हणून मागणी सरळ आहे. मुंबई विद्यापीठाने विद्यार्थी विकासात दोन वर्षांचं एमए सुरू करावं, त्यातलं एक सत्र रायगड-रत्नागिरीच्या ग्रामीण कॉलेजात काम करून पूर्ण व्हावं. आणि सरकारने प्रत्येक अनुदानित कॉलेजात त्याचं कायम पद मंजूर करावं. पद नसेल तर पदवी काढू नका, बेकार डिग्रीधारक आपल्याकडे कमी नाहीत. पैसे नाहीत म्हणतील. दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलेल्या पोरावर सरकारचे आणि घरच्यांचे जे पैसे गेले, ते कुठल्या खात्यात मांडता तेही मग सांगा.

तोवर आपण एक करू. यंदा ॲडमिशनला जाल तेव्हा फी विचारून झाली की खिडकीवर विचारा: ‘इथे विद्यार्थ्यांचं पूर्णवेळ कोण बघतं? शिक्षण काय त्यांचं?’ उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा. कॉलेजचं नाव नको, नुसतं उत्तर लिहा.